आईची उसनी ढाल आणि कार्डावरच्या तारखा

"सिस्टर, पोरगं ठणठणीत आहे, दूध पितंय, वजन वाढतंय. मग दीड महिन्यातच एकदम तीन सुया कशाला?" पहिलटकरीण आई लसीकरणाच्या सत्रावर आली की हा प्रश्न ठरलेला. तीच आई सहा-सात महिन्यांनी भेटते तेव्हा प्रश्न उलटा झालेला असतो. "शेजारच्या मुलाला गोवर आलाय. माझ्या बाळाला आत्ताच टोचा ना, नऊ महिन्यांपर्यंत कशाला थांबायचं?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. वीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून लसीकरणाच्या सत्रांवर बसले, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. ज्या आईबाबांना हे उत्तर एकदा नीट कळलं, त्यांची तारीख सहसा चुकली नाही. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्याकडे आईकडून आलेलं उसनं संरक्षण असतं. ते दिवसागणिक कमी होत जातं. ते संपायच्या आत बाळाचं स्वतःचं संरक्षण उभं राहायला हवं, आणि तेही फार घाई करून चालत नाही. बाळाच्या लसीकरण कार्डावरच्या तारखा या हिशोबावर बसवलेल्या आहेत. म्हणून आधी हा हिशोब समजून घेऊ, मग एकेक टप्पा पाहू.

आधी एवढं समजून घ्या

जंतू किंवा विष ओळखून त्याला निकामी करणारी प्रथिनं आपल्या रक्तात असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. बोलताना आपण अँटीबॉडी म्हणतो. ती मिळायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे शरीराने स्वतः तयार करायची. लस हेच करते. मेलेला जंतू, दुबळा केलेला जंतू किंवा त्याचा एखादा तुकडा शरीराला दाखवते आणि शरीर लढायला शिकतं. शिकायला साधारण दोन आठवडे लागतात, बहुतेक लसींना एकाहून जास्त डोस लागतात, पण शिकलेलं लक्षात राहतं. दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या कोणी बनवलेली प्रतिपिंडं आयती घ्यायची. स्वयंपाक शिकणं आणि आयता डबा, असा हा फरक. डबा उघडला की लगेच भूक भागते, पण तो संपला की संपला. या आयत्या संरक्षणाला पुस्तकात निष्क्रिय प्रतिकारशक्ती म्हणतात. 'निष्क्रिय' शब्दाने गोंधळू नका. ही प्रतिपिंडं चांगलीच काम करतात, फक्त आपल्या शरीराने ती बनवण्यासाठी काही केलेलं नसतं.

आयता डबा आपल्याकडे खेड्यापाड्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. साप चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन सलाईनमधून देतात ती हीच गोष्ट. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्यांना अगदी थोड्या मात्रेत टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती काढून शुद्ध करून माणसाला देतात. ही कल्पना जुनी आहे. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं, की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तोही धनुर्वातातून वाचतो. घटसर्पावर असंच प्रतिविष आलं आणि १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यासाठी बेरिंगना मिळालं. घटसर्प झालेल्या मुलाला आजही अँटिबायोटिकबरोबर हे प्रतिविष द्यावं लागतं.

टोचलेली मानवी प्रतिपिंडं साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात, पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्या निम्मी. घोड्याची तर त्याहून लवकर जातात. आईकडून आलेल्यांची गतही अशीच असते. हा उतरता हिशोब डोक्यात ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागणार आहे.

टप्पा पहिला: बाळ पोटात असताना

बाळाचं लसीकरण पाळण्यात सुरू होत नाही, ते गरोदरपणात सुरू होतं. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, आणि त्यांतली बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत जातात. त्यामुळे आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा साठा पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा कमी असतो. घरची मंडळी म्हणतात, "नाजूक आहे, थोडं मोठं होऊ दे, मग टोचू." खरं तर अशा बाळाला थांबणं परवडत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या लसींच्या तारखाही जन्मतारखेपासूनच मोजायच्या.

गरोदरपणात नाव नोंदवलं की टीडीचं, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचं, पहिलं इंजेक्शन घ्या, चार आठवड्यांनी दुसरं. आधीच्या बाळंतपणात दोन्ही झाली असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील, तर एक बूस्टर पुरतो. हे इंजेक्शन दंडात आईच्या घेतलं जातं, पण त्याचं अर्धं काम बाळासाठी असतं. पूर्वी नाळ विळ्याने नाहीतर जुन्या ब्लेडने कापत, तिला राख लावत. चांगलं दूध ओढणारं बाळ चौथ्या-पाचव्या दिवसानंतर अचानक दूध ओढेनासं होई, जबडा बसे, अंग ताठ होई. तो नवजात धनुर्वात. तान्ह्या बाळाला धनुर्वाताची लस देऊन ती कामाला लागेपर्यंत वेळ निघून जातो. म्हणून लस आईला टोचायची आणि प्रतिपिंडं वारेतून बाळाला पोहोचवायची. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, नाळ निर्जंतुक ब्लेडने कापली जाऊ लागली, आणि त्याला या साध्या युक्तीची जोड मिळाली. २०१५ मध्ये माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारतासाठी मान्य झालं. मला या कामात सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटत असेल तर याचा. नाळेला मात्र आजही काही लावू नका. तेल नको, हळद नको.

गरोदरपणात दोन रक्ततपासण्यांचे निकाल स्वतः विचारून घ्या. एक कावीळ ब ची, म्हणजे एचबीएसएजी. दुसरी रक्तगटाची. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर अँटी-डी नावाचं इंजेक्शन लागू शकतं; साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. तेही आयत्या प्रतिपिंडांचंच इंजेक्शन आहे. ते जंतूंशी लढत नाही, पुढच्या बाळाच्या रक्तपेशींवर आईच्या शरीराने हल्ला करू नये म्हणून ते आधीच बंदोबस्त करतं.

टप्पा दुसरा: पहिले चोवीस तास

बाळ झाल्यावर पेढे वाटायच्या आधी तीन गोष्टी झाल्या का ते विचारा. क्षयाविरुद्धची बीसीजी, पोलिओचे दोन थेंब, आणि कावीळ ब ची पहिली लस. पोलिओचा हा शून्य डोस पंधरा दिवसांपर्यंत चालतो. बीसीजी वर्षाच्या आत कधीही देता येते, पण लवकर दिलेली बरी. कावीळ ब ला मात्र चोवीस तासांचीच मुदत आहे, कारण आईच्या रक्तातून बाळाला लागण होते ती मुख्यतः बाळंतपणाच्या वेळीच.

आईची एचबीएसएजी तपासणी पॉझिटिव्ह असेल तर नुसती लस पुरत नाही. लस शिकवायला वेळ घेणार आणि विषाणू तर आत पोहोचलेला असू शकतो. अशा वेळी एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत कावीळ ब ची आयती प्रतिपिंडं, म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही एकदमच देतात, शक्यतो बारा तासांच्या आत. आयता डबा आजची भूक भागवतो, तोवर शरीर स्वयंपाक शिकतं. हे इंजेक्शन महाग असतं आणि सगळीकडे कपाटात तयार नसतं. म्हणून बाळंतपणाच्या महिनाभर आधीच दवाखान्यात सांगून ठेवा, कुठे मिळेल ते लिहून घ्या. रात्री दोन वाजता शोधाशोध करायची वेळ आली की बारा तास कसे जातात कळत नाही. लस आणि हे इंजेक्शन दिल्यावर आईने अंगावर पाजायला हरकत नाही. पुढे बाळ नऊ महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासून लागण टळली का ते पाहून घ्या.

चीक ओतून देऊ नका. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर चिकात प्रतिपिंडं खच्चून भरलेली असतात आणि ती बाळाच्या आतड्यांना आतून लेप दिल्यासारखी राखतात. मध, गुटी, साखरेचं पाणी यांतलं काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. पण अंगावरचं दूध कितीही चांगलं असलं तरी त्याने गोवर किंवा डांग्या खोकला थोपत नाही. "मी अंगावर पाजतेय, लस कशाला?" असं म्हणणाऱ्या आया भेटतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते.

बीसीजीबद्दल दोन ओळी, कारण घाबरून धावत येणाऱ्या आया याच लसीच्या जास्त. डाव्या दंडावर कातडीच्या आतच टोचतात, लगेच मसुराएवढी फुगवटी येते आणि जिरते. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुळी येते, पिकते, कधी फुटते, खपली धरते. दोन-तीन महिन्यांत बारीक व्रण उरतो. हे असंच व्हायचं असतं. दाबू नका, मलम लावू नका, हळदीचा लेप नको, आंघोळ नेहमीसारखी घाला. व्रण उठला नाही म्हणून पुन्हा टोचायची गरज नसते. काखेत मोठी गाठ आली तर मात्र दाखवा.

टप्पा तिसरा: दीड, अडीच आणि साडेतीन महिने

सहा, दहा आणि चौदा आठवडे. तिन्ही वेळा पेंटाव्हॅलेंट, तोंडी पोलिओ आणि जुलाबाविरुद्धची रोटाव्हायरस. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी त्यात न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकल जंतूविरुद्धची पीसीव्ही आणि दंडात कातडीच्या आत दिली जाणारी पोलिओची सुई, म्हणजे एफआयपीव्ही.

पेंटा म्हणजे पाच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. डांग्या खोकल्याविरुद्ध आईकडून आलेलं संरक्षण बहुधा तोकडं असतं आणि लवकर ओसरतं. आणि हा खोकला मोठ्या मुलाला दमवतो, पण तान्ह्याचा जीव घेतो. दोन महिन्यांच्या बाळाला खोकायची ताकदही नसते, ते श्वास धरतं आणि निळं पडतं. त्यामुळे बाळाचं शरीर लसीला पुरेसं उत्तर द्यायला लागलं की थांबायचं नाही, ते वय म्हणजे दीड महिना. पेंटातल्या लसी जिवंत जंतूच्या नाहीत, एका डोसात धडा पक्का होत नाही, म्हणून चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीनदा. डांग्या खोकल्याचं संरक्षण आईकरवीच वाढवायचं असेल तर गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत खासगी दवाखान्यात टीडॅप, म्हणजे डांग्या खोकलाही धरलेली टीडी, मिळते. परवडत असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

पोलिओचे थेंब आणि सुई दोन्ही का? थेंब आतड्यात पहारा बसवतात, सुई रक्तात. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. तरी जगात तो अजून शिल्लक आहे.

टप्पा चौथा: नऊ महिने

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. बाळ रांगायला लागलेलं असतं, आई कामावर परतलेली असते, गावी जाणं-येणं सुरू होतं.

गोवर-रुबेलाची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. ते शरीरात थोडे वाढले तरच धडा मिळतो. आईची प्रतिपिंडं मात्र खरा गोवर आणि लसीतला गोवर असा भेद करत नाहीत. बाळाच्या रक्तात ती भरपूर असताना लस दिली, तर ती लसीतला विषाणू वाढायच्या आधीच संपवतात. सुई टोचल्याचं कार्डावर लिहिलं जातं, पण बाळ शिकतच नाही. उलट फार उशीर केला तर उसनी ढाल संपलेली आणि स्वतःची नाही, अशी फट राहते, आणि गोवर त्या फटीतून शिरतो. आपल्याकडे गोवर लहान वयात गाठतो म्हणून ही वेळ नऊ महिन्यांवर बसवली आहे. नऊ महिन्यांना दिल्यावर साधारण ८५ टक्के बाळांत संरक्षण तयार होतं, वर्षानंतर दिल्यावर सुमारे ९५ टक्क्यांत. म्हणजे शंभरांतल्या पंधराएक बाळांत पहिला डोस रुजत नाही, आणि ती कोणती ते बाहेरून दिसत नाही. म्हणूनच दीड वर्षानंतरचा दुसरा डोस. लोक त्याला बूस्टर म्हणतात आणि बूस्टर म्हटलं की "राहिला तर राहिला" असं वाटतं. त्या पंधरा बाळांसाठी तो खरं तर पहिलाच धडा असतो.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. आपल्या आज्यांना लहानपणी गोवर होऊन गेलेला असे, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर, त्यामुळे त्यांच्या बाळांची उसनी ढाल जाड असे. आजच्या आयांना गोवर झालेला नाही, लस मिळालेली आहे. त्यांची प्रतिपिंडं तुलनेने कमी असतात आणि बाळात लवकर संपतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली तेव्हा नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडली. साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस द्यायचं ठरलं, ते यासाठीच. अशा डोसाला शून्य डोस म्हणतात. तो मोजणीत धरत नाहीत. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा दोन्ही पुन्हा घ्यायचे. तुमच्या वस्तीत गोवर असेल तर आशाताईंना विचारा, स्वतःच्या मनाने ठरवू नका.

नऊ महिन्यांनाच पीसीव्हीचा बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस असतो. ठरावीक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही असते.

पुढचं पटकन सांगते. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा, पहिला बूस्टर, पोलिओचा बूस्टर. जीवनसत्त्व अ पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी.

सत्रावर गेल्यावर काय पाहायचं

उपकेंद्र, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, पालिकेचा दवाखाना, सगळीकडे या लसी मोफत असतात. बाळाला सैल कपडे घाला, मांडी आणि दंड पटकन उघडे करता यायला हवेत. भरल्या पोटी आणा. रोटा किंवा पोलिओच्या थेंबांआधी-नंतर अंगावर पाजायला हरकत नाही, अर्धा तास उपाशी ठेवायची गरज नाही.

कुपीवर एक छोटं चिन्ह असतं, वर्तुळात चौकोन. आतला चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर कुपी वापरण्याजोगी. उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होत जातो, आणि एकदा वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी टाकायची. परत थंड केली तरी तो फिका होत नाही. लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, आणि वाटेत त्यांना कधी ऊन लागलं असेल तर हा चौकोन ते लपवू देत नाही. "ताई, कुपी दाखवता का?" असं विचारा. चांगली सिस्टर रागावत नाही. मला तर कोणी विचारलं की बरं वाटायचं. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची पूड द्रावणात मिसळल्यावर चार तासांत संपवायची असते. म्हणून त्या कुपीवर उघडल्याची वेळ लिहिलेली असते, तीही पाहा. सुई वेष्टनातून तुमच्यासमोर निघायला हवी. सरकारी सिरिंज एकदा दाबली की दट्ट्या अडकतो, पुन्हा ओढताच येत नाही.

टोचताना बाळाला पाठीवर आडवं धरण्यापेक्षा मांडीवर उराशी घ्या, जमलं तर अंगावर पाजत ठेवा, कमी रडतं. तीन सुया एका दिवशी दिल्याने बाळाच्या प्रतिकारशक्तीवर 'ओझं' येत नाही. मातीतला हात तोंडात घालणाऱ्या बाळाला रोज त्याहून कितीतरी जास्त जंतू भेटतात. नंतर अर्धा तास तिथेच बसा. फार क्वचित तीव्र ॲलर्जी येते, ती बहुधा याच वेळात येते आणि तिचं औषध सिस्टरच्या पेटीत असतं. निघण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. आज काय दिलं, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, आणि कार्डावर सगळं लिहिलं का.

घरी आल्यावर

पेंटानंतर त्याच रात्री ताप, मांडीला सूज, किरकिर. एक-दोन दिवसांत जातं. कधी कडक गाठ काही आठवडे राहते, तीही जिरते. चोळू नका, शेकू नका. ओला गार कपडा ठेवा. गोवर-रुबेलाचा ताप आणि पुरळ मात्र आठवडाभराने, पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास येतात, तेव्हा लोक लस विसरलेले असतात.

तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत औषधाचं प्रमाण वेगळं असतं. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीलीटरला १०० मिलिग्रॅम असतात, सिरपमध्ये पाच मिलीलीटरला १२० नाहीतर २५०. माझ्या मुलीने नातवाला पेंटा दिल्यावर रात्री फोन केला, मी झोपेत "अर्धा चमचा दे" म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर सिरप होतं, तिच्या हातात थेंब. तिने देण्याआधी बाटलीचा फोटो पाठवला म्हणून वाचलं, नाहीतर साडेचार किलोच्या बाळाला चौपट डोस गेला असता. तेव्हापासून मी फोनवर चमचे सांगत नाही. बाटली दाखवा, वजन सांगा, मिलीलीटर लिहून घ्या, आणि बाटलीबरोबर मिळालेल्या ड्रॉपरनेच द्या.

तीन तासांहून जास्त न थांबता रडणं, झटका, बाळ लुळं किंवा निस्तेज पडणं, श्वासाला त्रास, दोन दिवसांनंतरही उतरत नसलेला ताप, यांपैकी काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. रोटानंतरच्या आठवड्याभरात कळवळून रडणं, उलट्या आणि शीमध्ये रक्त दिसलं तर तेव्हाही थांबू नका. क्वचित आतड्यात आतडं अडकतं.

तारीख चुकली, सर्दी झाली, गाव बदललं

चुकलेला डोस म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून नाही. जिथे थांबलात तिथून पुढे चालू करा, आणि कळलं त्याच दिवशी. पेंटा आणि रोटा वर्षाच्या आत सुरू करता येतात, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते. साधी सर्दी, खोकला, हलका ताप, दोन-चार पातळ शी, यांसाठी लस पुढे ढकलू नका. भरती करण्याइतकं आजारी असेल तर थांबा. आधीच्या डोसाने तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असेल तर डॉक्टरांशी बोलूनच.

बाळाला रक्त चढवलं असेल किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर ते सिस्टरला आवर्जून सांगा. ही माहिती हमखास सांगायची राहते. त्यातून परक्याची गोवरविरोधी प्रतिपिंडं बाळात आलेली असतात आणि ती लसीला तशीच मारतात, जशी आईची मारतात. कोणतं रक्तउत्पादन आणि किती, यावरून गोवर-रुबेलाची लस काही महिने पुढे न्यावी लागते, मोठ्या डोसानंतर अकरा महिन्यांपर्यंतही. पेंटा, पीसीव्ही यांना हा अडथळा नाही.

कुत्रा चावला तर

आयता डबा आणि स्वयंपाक दोन्ही एकत्र लागतात ते इथेही. रेबीज एकदा लक्षणं दाखवायला लागला की जवळजवळ कोणी वाचत नाही. आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. चुना, तिखट, हळद काही भरू नका. मग लगेच दवाखाना. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर रेबीजची प्रतिपिंडं जखमेत आणि तिच्या कडेने टोचावीच लागतात. लस शिकवायला आठवडा-दोन आठवडे घेते; तोवर विषाणूला जखमेतच अडवायचं काम ही प्रतिपिंडं करतात. ती एकदाच द्यायची, पहिल्या दिवशी. राहून गेली तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंतच. दवाखान्यात नुसती लस देऊन पाठवत असतील तर "सिरम दिलं का?" हे शब्द वापरून विचारा. मिळत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. लसीचे पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात खोल दिली जात असेल तर चौदाव्या दिवशीही. जखम भरली म्हणून ते सोडू नका. लहान मुलं ओरखडा लपवतात, मार बसेल म्हणून. घरात आधीच सांगून ठेवा की कुत्र्या-मांजराचं काही झालं तर कोणी रागावणार नाही.

खासगीत मिळणाऱ्या लसी

कांजिण्या, कावीळ अ, विषमज्वर, एमएमआर म्हणजे गालगुंडासहित गोवर-रुबेला, फ्लू, नऊ वर्षांपासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही. ऐपत असेल तर घ्याव्यात असंच मी सांगेन. पण कर्ज काढून या घेणारे आणि मोफतची गोवर-रुबेला चुकवणारे पालक मी पाहिले आहेत. क्रम आधी सरकारी वेळापत्रकाचा. पेंटा-डीपीटीऐवजी 'न दुखणारी' म्हणून मिळणाऱ्या लसीने ताप कमी येतो, संरक्षण दोन्ही देतात. कुठेही घेतली तरी नोंद एकाच कार्डावर करा.

कार्ड

माता व बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवा. प्रत्येक डोसानंतर त्याचा फोटो काढून आई आणि बाबा दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदवहीत नोंद करून घ्या, मग कार्ड हरवलं तरी मागचं सापडतं. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा नोकरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असाल तर निघण्याआधी आशाताईंकडून पुढच्या दोन तारखा कार्डावर लिहून घ्या आणि जिथे उतराल तिथल्या अंगणवाडीत पहिल्या आठवड्यातच दाखवा. आधारवरचा पत्ता दुसऱ्या गावचा आहे म्हणून कोणी लस नाकारू शकत नाही.